समोरच्या सपरीची हौस

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून ५७ वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. चार वर्षांपूर्वी जुनं मातीचं घर पाडून त्यांनी स्लॅबचं घर बांधलं. समोर पश्चिमेला तोंड केलेली लांब सपरी, म्हणजे ओसरी आहे, तिला गुळगुळीत फरशी, पुढे तुळस आणि थोडं मातीचं अंगण. मुलगा-सून पुण्याला असतात. लग्नानंतर सून पहिल्यांदाच पाडव्याला आठवडाभर राहायला येणार आहे. ती अधूनमधून मोबाइलवर घरसजावटीचे व्हिडिओ पाठवते: दारावर फुलांचं गोल कडं, पायऱ्यांवर पांढऱ्या कुंड्या, वेताचा झोपाळा, वसंतासाठी नटवलेला घराचा दर्शनी भाग. आपलीही सपरी अशी सजवावी, असं ताईंना वाटतं. पण अर्ध्या सपरीत भाव वाढायची वाट बघत कापूस पडला आहे आणि आता हरभऱ्याचे पोते येतील. यजमान म्हणतात, "सपरी माल ठेवाले हाय, नाटकं कराले नाही." जाऊबाई म्हणाल्या, "या वयात काय हे नखरे!" बचत गटातून १०,००० रुपये उचलावेत असा ताईंचा विचार आहे, व्याज महिन्याला २ टक्के. "सुनेला आमचं घर गावंढळ वाटू नये, एवढंच. हा खर्च चुकीचा आहे का? आणि करायचाच तर काय काय घेऊ?" असं त्या विचारतात.

ताई,

पैशाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. या कामासाठी गटाचं कर्ज उचलू नका. १०,००० वर महिन्याला २०० रुपये व्याज तुम्ही फेडाल, तो प्रश्न नाही. पण जूनमध्ये बी-बियाण्याला हात आखडला की याच गटाकडे जावं लागतं, आणि तेव्हा आधीचा हप्ता अंगावर नको. शिवाय त्या व्हिडिओंमधल्या वस्तू १०,००० देऊन आणल्या, तरी त्यातल्या निम्म्या एप्रिलच्या मध्यापर्यंतही टिकणार नाहीत. त्याचं कारण पुढे येतंच.

अवघड भाग दुसरा आहे. तुमच्या पत्रात सून पानोपानी आहे. तिला काय आवडेल, तिला काय वाटेल, तिच्या माहेरचे लोक फोटो बघतील. तुम्ही स्वतः मात्र एकाच ओळीत आहात, तीही अगदी शेवटी: "माझी माय चैत्रात तुळशीपुढे चैत्रांगणाची रांगोळी काढायची, आमच्या नव्या घरी ते राहूनच गेलं." मला हे पत्र त्या ओळीसाठी लिहिलेलं वाटतं.

घर गावंढळ आहे, असं सून कधी म्हणाली का? तुम्ही तसं कुठे लिहिलेलं नाही. ती व्हिडिओ पाठवते, एवढंच आहे. नवी सून सासूशी फोनवर रोज काय बोलणार? जेवण झालं का, ऊन किती आहे, झालं. मग एखादा सुंदर व्हिडिओ दिसला की ती तो तुम्हाला पाठवते. "तुमचं घर असं करा" असा त्याचा अर्थ असेलही, पण "हे बघा किती छान" एवढाच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा तिलाच विचारा. "तू पाठवतेस ते मला आवडतं, आपल्या सपरीत काय करता येईल?" या एका प्रश्नाने तुमची अर्धी धाकधूक जाईल.

आणि समजा, तिला काहीच नको असलं तर? तरीही तुम्हाला सपरी सजवावीशी वाटते का? वाटत असेल, तर ती हौस तुमची आहे आणि ती तुमच्याच नावावर असू द्या. आपल्याकडे बाईची हौस देवाच्या, पोरांच्या किंवा पाहुण्यांच्या नावावर चालून जाते, तिच्या स्वतःच्या नावावर मात्र नखरा ठरते. त्यात सुनेच्या नावाने सगळं केलंत आणि तिचं नेमकं लक्षच गेलं नाही, तर तुम्ही मनातून खट्टू व्हाल. आपली कसली परीक्षा घेतली गेली, हे त्या पोरीला कळणारही नाही.

आता यजमान. त्यांचं वाक्य कडू आहे, पण ते सजावटीबद्दल आहे असं मला वाटत नाही. ज्या माणसाच्या दारात न विकलेला कापूस पडून आहे, त्याला तिथे फुलांच्या माळा सुचणं अवघडच. आणि खरं सांगायचं तर यात दोष नव्या घराच्या नकाशाचाही आहे. जुन्या घरात मालाला कणगी होती, माळा होता, मागे कोठा होता. सपरी बसाउठायला मोकळी राहायची. स्लॅबचं घर बांधताना आपण हॉल आणि किचन मोजतो, तुरीचे पोते कुठे ठेवायचे हे कुणी मोजत नाही. मग सगळा माल समोर येतो. हे तुमच्या एकटीच्या घरी नाही, विदर्भातल्या गावागावात नव्या घरांची हीच गत आहे.

तेव्हा त्यांच्याशी फुलांवरून भांडू नका, कापसावरून बोला. ऊन तापलं की कापसातला ओलावा उडतो आणि वजनात तूट येते, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, तीही नवी गोष्ट नाही. त्यात होळी तोंडावर, पाडव्याला दिवे-उदबत्त्या. समोरच्या दारात उघडा कापूस ठेवणं म्हणजे एका ठिणगीचा धोका. विकायचा नसेल तर नका विकू, पण तो मागच्या खोलीत हलवता येईल का, एवढंच विचारा. हरभऱ्याच्या पोत्यांना जिन्याखालची जागा करा. खाली विटांवर फळ्या टाकल्या की ओल लागत नाही आणि उंदरांवर नजर राहते. पूर्ण सपरी मागू नका. दाराची बाजू तुमची, टोकाची बाजू मालाची, मधे एक जाड पडदा. निम्मी सपरी मिळाली तरी खूप झालं. बसायला माणसाला जागा लागते तरी किती!

कापूस हलला नाही, तर एक गोष्ट अजिबात करू नका: त्या बाजूने विजेची माळ नेऊ नका आणि तिथे दिवा ठेवू नका. यात तडजोड नाही.

आता वसंताकडे येऊ. त्या व्हिडिओंमधला वसंत थंड मुलखातला आहे. तिकडे बर्फ वितळतं, महिनोन् महिने मिटलेलं दार उघडतं, म्हणून दारावर कडं आणि पायरीवर फुलं. आपल्याकडे दार बारा महिने उघडंच असतं. आपला वसंत म्हणजे पानं झडलेल्या पळसावरची केशरी फुलं, आंब्याचा मोहर, कडुनिंबाची तांबूस कोवळी पालवी, आणि लगेच मागून येणारी झळ. मार्चअखेर पारा चाळिशीला टेकतो, मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पाडवा ३० मार्चला होता. यंदा तो १९ मार्चला आहे. हे ११ दिवस तुमच्या पथ्यावर पडलेत, पण त्यापलीकडे तीन महिने ऊनच आहे. आणि तुमची सपरी पश्चिमेची. दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत सूर्य थेट आत येणार. म्हणून माझा सल्ला असा की, पाडव्याच्या एका फोटोसाठी सजवू नका, जूनपर्यंत संध्याकाळी बसता येईल अशी सपरी करा. ती दिसायलाही आपोआप चांगली दिसेल.

पहिला खर्च सावलीवर. तालुक्याच्या कृषी केंद्रात हिरवी शेडनेट मिळते; पश्चिमेला ७५ टक्के सावलीची घ्या, ५० टक्क्यांची मे महिन्यात कमी पडते. कायमची ठोकू नका. वरून दोरीने गुंडाळता येईल अशी बांधा, म्हणजे सकाळी उजेड येतो आणि अवकाळीचं वादळ उठलं की ती फाटायच्या आत वर घेता येते. मला स्वतःला मात्र तुराट्यांची ताटी जास्त आवडते. तुरीच्या काड्या शेतात पडल्याच असतील. त्या सारख्या कापून, बांबूच्या तीन आडव्या कामट्यांना सुतळीने आवळून बांधल्या की झाली ताटी. दुपारी तिच्यावर पाणी शिंपडलं की आत येणारी झळ कमी होते. वाळलेल्या काड्या आहेत, म्हणून चूल, दिवा आणि विडी ओढणारे पाहुणे यांच्यापासून ती लांब ठेवा. कामट्या बुरडाकडे मिळतील; त्याच्याकडूनच दोन टोपल्याही घ्या, कुंड्या झाकायला.

हो, कुंड्या. फेब्रुवारीत नर्सरीत पेटुनिया, डेलिया, शेवंती असा रंगांचा बाजार भरलेला असतो. मार्च लागला की तोच माल स्वस्तात देतात, आणि आपण भुलतो. ती सगळी थंडीची झाडं. पाडव्याला हसतील आणि आठवड्यात माना टाकतील. हात लावू नका.

तुमच्याकडे टिकतील अशी झाडं मोजकी आहेत. बोगनवेल पहिली. तिला कडक ऊन लागतं, आणि थोडी तहानलेली राहिली की जास्त रंग धरते. रोज पाणी पाजलं तर नुसती पानं वाढतात. जमिनीत लावा, सपरीच्या कोपऱ्यातल्या खांबाजवळ. लावताना पिशवी कापून काढा, मुळांचा गोळा फुटू देऊ नका. या बाबतीत ती फार नाजूक आहे. काटे असतात, म्हणून ये-जा करायच्या बाजूला नको. सदाफुलीचं रोप विकत घ्यायचीही गरज नाही, गावात कुणाच्या तरी भिंतीच्या फटीत ते उगवलेलं असतंच. ऑफिस टाइम नावाचं छोटं फुलझाड घ्या. त्याची बोटभर काडी मातीत खोचली तरी जगते, पण फुलं उन्हावर उघडतात, म्हणून पश्चिमेच्या सपरीत ठेवू नका. अंगणाच्या कडेला, जिथे सकाळचं ऊन पडतं तिथे लावा. गलांडाही तिथेच.

आणि मोगरा. उन्हाळ्यात संध्याकाळी सपरीत बसण्याला काही अर्थ असेल तर तो मोगऱ्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. घरी जुनं झाड असेल तर फेब्रुवारी संपायच्या आत छाटा, बुडाची माती हलवा, ओंजळभर जुनं शेणखत द्या आणि मग पाणी सुरू करा. नव्या फुटीवर कळ्या येतात. झाड नसेल तर या वर्षी कळ्या धरलेलंच रोप आणा.

रोज किती पाणी घालता येईल, ते आधी ठरवा आणि मगच कुंड्या मोजा. एप्रिलमध्ये नळ किती दिवसांआड येतो, हे तुम्हाला माहीत आहे. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि भाज्या धुतलेलं पाणी एवढ्यात जगतील तितकीच झाडं ठेवा. पाच-सहा पुरे. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात तापून मुळं शिजवतात. मातीची कुंडी थंड राहते, पण पाणी लवकर उडवते. तेलाचे जुने डबे असतील तर बुडाला भोकं पाडून बाहेरून चुना मारा, पांढरा रंग ऊन परतवतो. सूनबाईंच्या व्हिडिओतल्या पांढऱ्या कुंड्या फुकटात झाल्या! वरून मातीवर सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं कुटार, म्हणजे मळणीत उरलेला भुसा, बोटभर जाड पसरा, ओल टिकते. कुटार तुमच्या दारातच आहे, आणि त्यासाठी नर्सरीवाला पैसे मागतो.

प्लास्टिकच्या फुलांबद्दल तुम्ही विचारलंत. एकच सांगते, पश्चिमेच्या उन्हात त्यांचा रंग एका उन्हाळ्यात उडतो, आणि मळणीच्या दिवसांत त्यांच्यावर बसलेली धूळ धुता धुता तुम्हीच कंटाळाल. पळसाची फुलं त्याच्या कितीतरी पटीने सुंदर आहेत आणि आत्ता बांधाबांधावर आहेत. फांद्या तोडू नका, खाली पडलेली ताजी फुलं सकाळी वेचून आणा आणि पितळी परातीत पाण्यावर सोडून दाराशी ठेवा. दुसऱ्या दिवशी बदला. उरलेली सावलीत वाळवून ठेवा. होळीला पाण्यात उकळली की केशरी रंग निघतो. पाडव्याचं तोरण आंब्याचं आणि कडुनिंबाचं, ते तुम्ही कराच. उन्हाने संध्याकाळपर्यंत कोमेजतं, म्हणून पानं रात्रभर पाण्यात ठेवून पहाटे ओवा.

जुन्या घराची सागवानी बंगई, म्हणजे लाकडी फळीचा झोपाळा, गोठ्यात पडून असल्याचं तुम्ही सहज लिहून गेलात, आणि वेताच्या झोपाळ्याची किंमत विचारलीत! ताई, ती बंगई आधी बाहेर काढा. धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवा. पण एक तपासा. बंगईचे कडे स्लॅब टाकतानाच सळईला अडकवून सोडावे लागतात. तुमच्या सपरीत ते सोडलेले नसतील, तर नंतर भोक पाडून हुक बसवायचा उद्योग जाणत्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय करू नका. झुलणाऱ्या माणसाचं वजन साधं टांगलेलं वजन नसतं. कडे नसतील तर फळीला चार मजबूत पाय लावून घ्या. झोका जाईल, बैठक राहील. वर तुमचीच गोधडी.

आता चैत्रांगण. फरशीवर रांगोळी घसरते, पायाला लागते, वाऱ्याने उडते, म्हणून ते राहून गेलं असेल. फरशी विसरा. तुळशीपुढे मातीचं अंगण आहे ना? तिथे दोन-तीन फुटांचा चौकोन शेणाने सारवा, वाळला की त्यावर काढा. बरोबर मधे झोपाळ्यात गौर, वर सूर्य-चंद्र, आजूबाजूला शंख, चक्र, गदा, पद्म, हत्ती, कासव, नाग, तुळस, गोपद्म, फणी, आरसा, आंबा. मायच्या चैत्रांगणात यातलं काय होतं आणि कोणत्या बाजूला, ते आठवून एका कागदावर उतरवा. आठवलं नाही तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ज्यांनी आयुष्यभर काढलं त्यांचे हात विसरत नाहीत. पहिल्या दिवशी सगळं जमायला हवं असंही नाही. महिनाभर रोज काढायचं असतं, रेघ आपोआप सरळ होते. आणि सून येईल तेव्हा ते पूर्ण करून तिला नुसतं दाखवू नका. हत्ती तिला काढू द्या. वाकडा आला तर हसाल दोघी. आयत्या सजवलेल्या घरात पाहुणी चार दिवस अंग चोरून बसते. हातात काम मिळालं की ती घरची होते.

ज्यांची सपरी पूर्वेची आहे, त्यांनी हे सगळं थोडं बदलून वाचावं. त्यांना ताटीची गरज कमी, आणि ऑफिस टाइम अगदी पायरीवर ठेवता येईल. दुपारी सावली असल्याने जास्वंद आणि अबोलीही तग धरतील. ज्यांचं घर अजून मातीचं आहे, त्यांनी फक्त भिंती मातीने पोतून, चुना आणि गेरूचा पट्टा मारून घ्यावा, बाकी काही विकत आणू नये. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी जमिनीत काही लावू नये, डबे बरे, जाताना उचलता येतात.

दिव्याचं राहिलं. रंगीत माळांपेक्षा एक फिका पिवळा एलईडी बल्ब दाराच्या वर लावा. पांढऱ्या उजेडापेक्षा पिवळ्यावर किडे कमी येतात, आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर तो येत नाही.

आता हिशोब करा. नेट, एक बोगनवेल, एक मोगरा, कामट्या-सुतळी, बल्ब, चुना, आणि लागलाच तर बंगईच्या पायांचा सुतार. तुम्ही मनात धरलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आत हे बसायला हवं, आणि तेही घरखर्चातून दोन टप्प्यांत. पाडव्याआधी सावली, बैठक आणि तोरण. बोगनवेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी लावली तरी चालते, तेव्हा ती जास्त सहज लागते.

जाऊबाईंशी वाद घालू नका. सपरी तयार झाली की पहिल्या संध्याकाळी त्यांनाच चहाला बोलवा, आणि मोगरा छाटलेला असेल तर त्याच्या काड्या त्यांना द्या. त्यांनाही एखादी हौस असेल. विचारून तर बघा. यजमानांशी मात्र आज-उद्याच बोला, हरभरा घरात यायच्या आधी. एकदा पोत्यांची थप्पी लागली की पाडव्यापर्यंत ती कुणी हलवणार नाही.